चिंचवडला तेव्हा साडेचार वाजले होते

आधी एवढं वाचा

मी फायटर नाही. आमच्या इथल्या मंडळाच्या अंकासाठी "काहीतरी प्रेरणादायी लिहून द्या" असा निरोप आला, तेव्हा मला डाव्या हाताने साधं बटण लावता येत नव्हतं. निरोप देणाऱ्या बाईंनी पाच मिनिटांच्या फोनवर चार वेळा मला फायटर म्हटलं. तुम्ही कशा झुंजलात ते लिहा, लोकांना बळ मिळेल, म्हणाल्या. अहो, मी कुठे झुंजले? मी कित्येक आठवडे आधी पलंगावर आणि मग चाकाच्या खुर्चीत होते, दुसऱ्यांच्या हातून आंघोळ करून घेत होते आणि बहुतेक वेळ चिडलेली होते. अजूनही आहे. तेव्हा जे लिहितेय ते चिडूनच लिहितेय, ज्यांना चालणार नाही त्यांनी पान उलटावं.

मी मेधा. वय बावन्न. क्लेमेंटीला राहते, एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. नवरा नितीन तुआसला इंजिनिअर, मुलगी रेवा सतरा वर्षांची. सिंगापूरला येऊन एकोणीस वर्षं झाली, पीआर मिळालं, म्हणजे कायम राहायची परवानगी, घर घेतलं, सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं. मग एका शनिवारी सकाळी माझ्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि डावी बाजू गेली. त्या दिवशी सात ते बारा मी घरात होते. त्या पाच तासांत माझा डावा पाय, डावा हात वाचू शकला असता. ते पाच तास कुठे गेले, तेवढंच मला सांगायचंय.

शनिवार

पोहे धूत होते. चाळणी डाव्या हातात होती ती सुटली आणि पोहे सिंकमध्ये सांडले. मला वाटलं हात ओला होता म्हणून. हॉलमध्ये आले तर नितीन म्हणाला, तुझी एक चप्पल कुठाय? डाव्या पायातली चप्पल किचनमध्येच राहिली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. घड्याळात सातला दहा कमी होते. मी म्हटलं, हात जरा जड झालाय रे.

आता आमच्या घरची रीत सांगते. नितीनची मोठी बहीण, आमच्या ताई, चिंचवडला डॉक्टर आहेत. त्वचारोगाच्या. पण म्हणून काय झालं, आख्ख्या खानदानाच्या हृदयाचा, यकृताचा आणि मूत्रपिंडाचा निकाल त्याच लावतात. मामंजींचं बायपास करायचं की नाही, चुलतभावाच्या बायकोचं सिझर का झालं, रेवाला चष्मा लागणं योग्य आहे का, सगळं ताईंना विचारून. इथे आमच्या ब्लॉकच्या खाली दवाखाना आहे, दोन बस स्टॉपवर मोठं हॉस्पिटल आहे, तरी आमचा पहिला फोन चिंचवडला जातो. इथल्या निम्म्या मराठी घरांत हेच चालतं, फक्त ताईंच्या जागी कोणाचा मेव्हणा असतो, कोणाचे फॅमिली डॉक्टर असतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि शेळ्याही आम्हीच, हौसेने हाकल्या जाणाऱ्या.

तर फोन करायचा. पण इथे सात म्हणजे तिकडे साडेचार. शनिवारची पहाट. दिवसभर पेशंट बघणाऱ्या बाईला हात जड झालाय म्हणून साडेचारला उठवायचं? तेव्हा ताईंना थोडं उजाडलं की विचारू, असं ठरलं. तोवर नितीनने माझा दंड तेलाने चोळला. हो, तेलाने. साडेनऊला, म्हणजे तिकडे सातला, त्याने फोन केला. ताई घाईत होत्या. मान आखडली असेल, रात्री वेडीवाकडी झोपली असेल, एक दुखण्याची गोळी दे आणि झोपू दे तिला, म्हणाल्या. मी गोळी घेतली आणि झोपले.

बाराला रेवा कॉलेजच्या प्रॅक्टिसहून आली. खोलीत डोकावली आणि दारातच थांबली. "ममी, व्हाय युअर फेस लाइक दॅट?" एवढंच म्हणाली. तिने बापाला विचारलं नाही, आत्याला विचारलं नाही, सरळ अॅम्ब्युलन्स बोलावली. ती माणसं यायला फार वेळ लागला नाही. चोवीस तास ती गाडी आमच्यासाठीसुद्धा उभी असते, हे आम्हाला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं.

झोपेत झालं

एमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की ह्या शेवटच्या धडधाकट केव्हा होत्या? गुठळी विरघळवण्याचं एक इंजेक्शन असतं, ते पहिल्या काही तासांतच देता येतं, म्हणून हा प्रश्न. ट्रॉलीवर पडल्या पडल्या मला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं. जीभ मात्र तोंडात एखाद्या जाड्या फडक्यासारखी पडून होती.

नितीन म्हणाला, झोपेत झालं. रात्री चांगली होती, उठलीच नाही, मुलीने बघितलं तेव्हा असं होतं. मी त्याच्याकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. डॉक्टरने ते लिहून घेतलं आणि म्हणाली, मग ते इंजेक्शन आता देता येणार नाही.

खरं सांगितलं असतं तरी तोवर वेळ गेलेलीच होती, हे मला नंतर कळलं. पण सातला निघाले असते तर साडेसातला पोचले असते. हे गणित मी वॉर्डच्या छताकडे बघत किती वेळा केलं असेल, देव जाणे. आणि दर वेळी त्याच्या शेवटी "झोपेत झालं" यायचं आणि माझं डोकं फिरायचं.

वॉर्ड

हॉस्पिटलचा दिवस पहाटे सुरू होतो. ब्लडप्रेशर, गोळ्या, अंग पुसणं, मायलोचा, म्हणजे चॉकलेटच्या पेयाचा, कप, डॉक्टरांचा घोळका. मग दुपारभर काही नाही. जेवण गिळायला शिकवतात. बावन्नाव्या वर्षी मी पाणी गिळायला शिकले, तेही घट्ट केलेलं पाणी, खळीसारखं. एक फिलिपिनो नर्स होती, ती माझी वेणी घालायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिच्या कामात ते बसत नव्हतं. केस गुंतले की डोकं दुखतं म्हणायची आणि घालायची. तिच्याखेरीज त्या पहिल्या पंधरवड्यात मी ज्याच्यावर चिडले नाही असं माणूस आठवत नाही.

कारण भेटायला येणारे. एक जण म्हणाले, तुम्ही फायटर आहात, पॉझिटिव्ह राहा. मी एका बाजूने पॉझिटिव्हच होते, दुसरी बाजू गेली होती. एकीने सांगितलं, मागच्या जन्मीचं असतं. एकीने नारळाचं पाणी आणि कुठल्याशा केरळी तेलाचा पत्ता दिला. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, झोपेत झालं हो, कोणाच्या हातात नव्हतं. तोवर ताईंनी ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, नितीनने ताईंना तसंच सांगितलं होतं. त्यांनी सांगितलेली गोळी, तो साडेनऊचा फोन, सगळं गुल. आमच्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असते. पण मुठीत माझा पाय होता हो.

माझी जीभ सुटायला लागली तेव्हा मी एकदा नितीनला म्हटलं, झोपेत नाही झालं. तो म्हणाला, आता ते उगाळून काय उपयोग, तू बरी होण्याकडे लक्ष दे. आणि फळं कापायला लागला. त्या दिवशी मी त्याच्या हातचं सफरचंद खाल्लं नाही.

डावा पाय

पुढे मला रिहॅबसाठी दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे रोज सकाळी व्यायामाच्या हॉलमध्ये नेत. फराह नावाची थेरपिस्ट होती, मलय, लहान चणीची आणि खमकी. माझा डावा पाय उचलला जायचा नाही, पंजा लोंबायचा, चालताना फरशीवर फरफटायचा. फराह म्हणायची, आंटी, नो ड्रॅगिंग, लिफ्ट, लिफ्ट. मी म्हणायचे, उचलता आला असता तर इथे आले असते का?

शेजारच्या दांड्यांना धरून एक गोरा म्हातारा चालायचा. ऐंशीच्या घरातला, मोडक्या नाकाचा, हातापायांवर जुन्या टाक्यांची नक्षी. घरी पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याचं नाव कॉलिन, पण सगळे त्याला अंकलच म्हणत. माझी आणि फराहची जुंपलेली ऐकून तो म्हणाला, माझं अर्धं आयुष्य डावा पाय फरफटवण्यात गेलं आणि लोक तिकिटं काढून बघायला यायचे.

तो ऑस्ट्रेलियाचा. विशीत बोटीने इंग्लंडला गेला होता मोटरसायकलच्या शर्यती करायला. स्पीडवे म्हणतात त्याला. मातीचा अंडाकृती ट्रॅक, एका वेळी चार जण, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. नेहमी डावीकडेच वळायचं. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीवर टाकून त्यावर गाडी तोलायची. म्हणून डाव्या बुटाला खालून लोखंडी तळ. त्याच्या आधी त्याच्या मामाच्या पिढीतली पोरं अशीच बोटीने गेली होती, त्याच्यानंतर कित्येक गेली, अजून जातात, आता विमानाने. पुढे शर्यती सुटल्यावर तो जहाजदुरुस्तीच्या कामाला इकडे आला, इथल्याच बाईशी लग्न केलं, तुआसच्या यार्डात म्हातारा झाला आणि आता ईस्ट कोस्टला राहायचा.

मी विचारलं, ब्रेक कुठे असतो मग? तो म्हणाला, नसतो. मला वाटलं माझी गंमत करतोय. माझे बाबा आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. पळवणं कोणालाही जमतं, थांबवता आलं पाहिजे, हे त्यांचं रोजचं वाक्य. आमची सायकलसुद्धा ते आधी ब्रेक बघून मगच हातात देत. आणि हा बाबा सांगत होता, गाडीला ब्रेक नाही, गिअर एकच, सभोवार फळ्यांचं कुंपण. मी म्हटलं, तुम्हाला वेड लागलं होतं का? तो म्हणाला, नाही, आम्हाला धाडसी म्हणत.

तो शब्द त्याने असा उच्चारला की मी त्याच्याकडे नीट बघितलं. इतक्या दिवसांत मला "फायटर"बद्दल जे वाटत होतं ते त्याच्या तोंडावर होतं. पेपरवाले धाडसी ऑस्ट्रेलियन म्हणून छापायचे, आणि धाडसी म्हटलं की कुंपण मऊ करायला नको, डॉक्टर नीट ठेवायला नको, असं तो म्हणाला. आता हवेच्या गाद्या लावतात म्हणे कुंपणाला. त्यालाही फार उशीर झाला, म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी लावायला मी फराहला सांगितलं. दोन चिडकी माणसं एकत्र असली की जरा बरं वाटतं.

हातमोजा

तिथे सकाळी नर्स येऊन आम्हा सगळ्यांना तेच प्रश्न विचारायची. आज वार कुठला, आपण कुठे आहोत. मेंदू जागेवर आहे ना ते बघायला. कॉलिन उत्तर बरोबर द्यायचा, पण द्यायच्या आधी न चुकता डाव्या तळहाताकडे बघायचा. तळहातावर काही नसायचं. चार-पाच दिवस मी हे बघितलं आणि एकदा विचारलं. माझ्या स्वभावात गप्प बसणं नाही, जीभ परत आल्यापासून तर मुळीच नाही.

त्याने तो तळहात मिटला. मग सांगायला लागला. इंग्लंडात त्यांच्या शर्यती आज या गावात, उद्या त्या गावात असायच्या. रात्रभर व्हॅन चालवायची, सकाळी गाडी खोलायची, संध्याकाळी पुन्हा ट्रॅकवर. डोक्यावर पडलं की ट्रॅकवरचा डॉक्टर दोनच प्रश्न विचारायचा. हे गाव कुठलं, आज वार कुठला? उत्तर चुकलं की त्या दिवसापुरतं बाहेर, आणि बाहेर बसलेल्याला टीममध्ये पुढच्या आठवड्यात जागा असेलच असं नाही. घर समुद्रापलीकडे, जाणार कुठे? म्हणून कॉलिनने एक युक्ती काढली. शर्यतीआधी डाव्या हातमोज्यावर तळव्याच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावायची आणि त्यावर पेनाने गावाचं नाव आणि वार लिहायचा. डोकं गरगरत असलं तरी वाचता येतं. तो त्या पट्टीच्या जोरावर दोनदा पास झाला होता.

मग त्याच्याच गावाकडचा टेरी नावाचा एक जण आला, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. टेरीच्या आईने कॉलिनला पत्र लिहून सांगितलं होतं, लक्ष ठेव. कॉलिनने लक्ष ठेवलं. आपल्या खोलीत जागा दिली, इंजिन लावायला शिकवलं आणि पट्टीही शिकवली. एका संध्याकाळी टेरी दुसऱ्याच शर्यतीत कुंपणावर आदळला. उठून बसला. डॉक्टरने गाव विचारलं, टेरीने हात वळवला, गाव सांगितलं, वार सांगितला. डॉक्टर म्हणाला, शाब्बास. अर्ध्या तासाने तो पुन्हा ट्रॅकवर गेला आणि वळणावर, कोणी धक्कासुद्धा लावलेला नसताना, पडला. जिवंत राहिला. आई येऊन त्याला घेऊन गेली. पण त्यानंतर आपण कुठल्या गावात आहोत हे त्याला कधीच सांगता आलं नाही.

"पट्टीवरचं अक्षर माझं होतं," कॉलिन म्हणाला. "त्याचं अक्षर वाईट म्हणून मीच लिहून दिलं होतं. त्या दिवशी उत्तर चुकलं असतं तर पोरगा वाचला असता."

मी विचारलं, टेरीच्या आईला हे सांगितलं का कधी? तो नाही म्हणाला. सगळे म्हणाले, रेसिंगमध्ये असं होतंच, कोणाच्या हातात नव्हतं. त्यानेही मान डोलावली. टेरीची आई तो अपघात होता असं समजूनच वारली. हे सांगताना तो रडला वगैरे नाही. रागावलेला होता, इतक्या वर्षांनीसुद्धा, आणि कोणावर ते मला विचारायची गरज नव्हती.

फराह आली आणि म्हणाली, अंकल, आंटी, टॉक टॉक टॉक, नो वॉकिंग. आम्ही मुकाट्याने उठलो आणि दांड्या धरल्या.

असं ठरलं

वर मी एके ठिकाणी चोरी केलीय. "ताईंना थोडं उजाडलं की विचारू, असं ठरलं," असं लिहिलंय. ठरलं म्हणजे काय? आपोआप ठरतं का काही?

त्या रविवारी नितीन मला खुर्चीतून खालच्या बागेत घेऊन गेला. कॉलिनची गोष्ट डोक्यात घोळत होती आणि मला वाटलं आज सोक्षमोक्ष लावायचाच. मी म्हटलं, तू एमर्जन्सीत खोटं का बोललास? माझ्या तोंडावर, मला बोलता येत नव्हतं तेव्हा. बहिणीला वाचवायला ना? मी बरंच काही बोलले. तिचं नाव खराब होऊ नये म्हणून माझा पाय गेला तरी चालेल, असंही म्हटलं. शेजारच्या बाकावरचं म्हातारं चिनी जोडपं उठून लांब जाऊन बसलं.

नितीन तसा बोलणारा माणूस नाही. त्याने खुर्चीचा ब्रेक लावला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मी सातलाच अॅम्ब्युलन्स बोलवूया म्हटलं होतं. तू म्हणालीस, सगळा ब्लॉक खिडकीत येईल, तमाशा नको. मी म्हटलं, मग ताईला करतो. तू म्हणालीस, साडेचार वाजलेत तिकडे, खबरदार उठवलंस तर. हे डॉक्टरला सांगू? लोकांना सांगू, की हिनेच नको म्हटलं?"

मला आठवत होतं. मला नीट कळावं म्हणून तो सावकाश बोलला, पण तशी गरज नव्हती. पहिल्या दिवसापासून, ट्रॉलीवर पडल्यापासून आठवत होतं. फोन त्याच्या हातात होता आणि मी माझ्या धडधाकट उजव्या हाताने तो काढून घेऊन टेबलावर पालथा ठेवला होता. इतके आठवडे मी त्या माणसावर दात खात होते, त्याने कापलेली फळं परत पाठवत होते, आणि तो मला झाकत होता. खोटं वाईटच होतं, ते मी आजही म्हणते. पण ते कोणासाठी होतं ते मला माहीत होतं आणि मी सोयीने विसरले होते.

हॉस्पिटलातून परत जाताना त्याचे डोळे लाल होते. मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, पाय पायठेवणीवर ठेव, लोंबतोय.

सातला दहा कमी

घरी येऊन आता काही महिने झाले. पायात प्लास्टिकची पट्टी आणि हातात काठी घेऊन मी खालच्या हॉकर सेंटरपर्यंत, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांपर्यंत, एकटी जाते. पूर्वी चार मिनिटं लागायची, आता सतरा लागतात. डावा हात ताट धरतो, बटण लावत नाही. डॉक्टर म्हणतात अजून थोडं सुधारेल. पूर्ण नाही. तपासणीला गेले तेव्हा मी त्यांना खरी वेळ सांगितली आणि फाईलमध्ये दुरुस्त करून घेतली. त्या म्हणाल्या, आता उपचारात फरक पडणार नाही. मी म्हटलं, मला पडतो, लिहा.

कॉलिनही घरी गेला. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, टेरीचं कोणी आहे का? एक बहीण आहे म्हणाला, तिचा पत्ता आहे त्याच्याकडे, कायमच होता. पुढे त्याने काय केलं ते मी विचारलेलं नाही. मी माझ्यापुरतं बघितलं.

गेल्या शनिवारी सकाळी सातला दहा कमी असताना मी नितीनला म्हटलं, चहा टाक, मी ताईंना फोन करतेय. त्याने घड्याळाकडे बघितलं. "अगं, साडेचार..." एवढं तोंडातून गेलं आणि तो थांबला. मग किचनमध्ये गेला.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. ताईंच्या आवाजात झोपेचा मागमूस नव्हता. काय झालं, लवकर सांग, म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, मी बरी आहे, तुम्ही जाग्या कशा एवढ्या पहाटे?

"मी चारलाच उठते," त्या म्हणाल्या. "गेली कित्येक वर्षं. तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. एकोणीस वर्षांत सगळ्या खानदानाच्या तब्येती त्यांना विचारल्या, त्या उठतात केव्हा हे कोणी विचारलं नव्हतं.  मग सगळं सांगितलं. चाळणी, चप्पल, अॅम्ब्युलन्सला कोण नको म्हणालं, साडेनऊपर्यंत कोणी थांबवलं. झोपेत झालं नव्हतं, हेही. 

मग ताई म्हणाल्या, मी त्या दिवशी तुझ्याशी बोललेच नाही, नितीनशी बोलले. कॅमेरा लाव म्हटलं नाही. दोन्ही हात वर कर म्हणायला हवं होतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मला संशय येत होता गं, झोपेत झालं म्हणाला तेव्हाच. पण मी विचारलं नाही.

आणि पुढे म्हणाल्या, "सातला केला असतात फोन, तर मी काय सांगितलं असतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यांनाही तेच हवं असणार, आणि मलाही त्या सत्तरीच्या बाईला दुखवायचं नव्हतं. "मान आखडलीय, गोळी घे आणि झोप," मी म्हटलं. "तेच सांगितलं असतं, ताई."

त्या नाही म्हणाल्या नाहीत. नाक ओढल्याचा आवाज आला. नितीन चहाचे कप घेऊन दारात येऊन उभा राहिला होता, त्याला फोनवरचं ऐकू जात होतं. शेवटी ताई म्हणाल्या, यापुढे कोणालाही असलं काही झालं तर मला फोन करायचा नाही, आधी हॉस्पिटल गाठायचं. हे ग्रुपवर लिही तू, जे झालं ते सगळं लिही, माझ्या नावानिशी.

मी म्हटलं, "तुम्ही लिहा, ताई. तुमचंच ऐकतात सगळे."